लिबरऑफिसच्या मदतीच्या ठिकाणी मराठीचा प्रश्न नेमका कुठे आणि कसा विचारायचा?

कपाशी_केळापूर

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसातला प्रश्न आहे. तीन कॉम्प्युटर, तिन्हींवर उबुंटू २२.०४ आणि त्याच्यासोबत आलेलं लिबरऑफिस ७.३. नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. लाइन दिवसातून दोन-तीनदा जाते.

४३० सभासदांना वार्षिक सभेची नोटीस द्यायची आहे. नोटीस रायटरमध्ये, यादी कॅल्कमध्ये, नाव आणि गाव मेल मर्जनं भरायचं. अडचणी दोन:

पहिली, नोटिशीच्या मूळ परिच्छेद शैलीत फॉन्ट मुक्ता आणि आकार १४ केला, तर इंग्रजी शब्द तेवढे बदलतात. मराठी मजकूर आधीच्याच फॉन्टात १२ वर राहतो.

दुसरी, मर्ज केल्यावर जवळपास निम्म्या सभासदांची नावं इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन येतात. बाकीची नीट येतात. कॅल्कमध्ये मात्र सगळीच नीट दिसतात.

लिबरऑफिसच्या चॅट चॅनलवर सकाळी साडेनऊला विचारलं, पंधरा मिनिटांत लाइन गेली. परत आल्यावर तिथं काहीच नव्हतं. मग त्यांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर 'मराठी फॉन्ट प्रॉब्लेम, अर्जंट' असं टाकलं, सोबत मोबाईलनं काढलेला स्क्रीनचा फोटो. दोन दिवसांत एकच ओळ आली: फाइल जोडा, आवृत्ती सांगा.

आता विचारायचं हे: प्रश्न कुठे टाकावा? आमचं इंग्रजी यथातथाच आहे, चालेल का? यादी जोडू का, तिच्यात बँक खाती आहेत? आणि हा बग, म्हणजे सॉफ्टवेअरचाच दोष, आहे का, तशी तक्रार नोंदवू का?

---

मोर्शी_संत्रा

चारही उत्तरं आधी सांगून टाकतो. प्रश्नोत्तरांच्या साइटवरच. इंग्रजी मोडकं चालतं. यादी अजिबात नाही. आणि बग म्हणून आत्ता नाही.

लिबरऑफिसच्या मागे कॉल सेंटर नाही. २०१० साली ओपनऑफिसपासून वेगळं निघून हे काम डॉक्युमेंट फाउंडेशनकडे आलं, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांना उत्तरं देणारे बहुतेक लोक ते आपल्या फावल्या वेळात करतात. विचारायची ठिकाणं मुख्य तीन: आस्क लिबरऑफिस ही प्रश्नोत्तरांची साइट, वापरणाऱ्यांची मेलिंग लिस्ट, आणि लिबेरा चॅटवरचं चॅनल. बगझिला हे चौथं दार दिसतं, पण ते दुरुस्ती करणाऱ्यांच्या कामाचं रजिस्टर आहे, मदतीची खिडकी नाही.

यातलं कुठलं निवडायचं ते तुमच्याकडे लाइन ठरवते. हे चॅटचं (आयआरसी) चॅनल म्हणजे बाजारातलं बोलणं, उभे असाल तोवर ऐकू येतं. हॉटस्पॉट तुटला की तुम्ही चॅनलबाहेर, आणि मधल्या वेळात कोणी काही लिहिलं तर ते परत आल्यावर दिसत नाही. उलट 'अमुक बाहेर पडला' ही ओळ समोरच्याला दिसते, मग तो लिहायचे कष्ट कशाला घेईल? शिवाय वेळ पाहा. सकाळचे साडेनऊ म्हणजे जर्मनीत उन्हाळ्यात पहाटेचे सहा, हिवाळ्यात पाच. फाउंडेशन बर्लिनचं, उत्तरं देणाऱ्यांत युरोपातले बरेच. चॅटवर जायचंच असेल तर आपल्या दुपारी दोन ते रात्री दहाच्या मधे जा, आणि प्रश्न टाकून किमान तासभर चॅनल उघडं ठेवा. 'कोणी आहे का?' असं विचारत बसू नका, थेट प्रश्नच लिहा. विचारल्याशिवाय कोणाला खासगी संदेश पाठवू नका.

मेलिंग लिस्टचं एक बरं आहे, मेल मोबाईलवरही येतो आणि लाइन आल्यावर वाचता येतो. पण आधी सदस्य व्हावं लागतं. लिस्टच्या सदस्यत्वाच्या पत्त्यावर कोरा मेल पाठवायचा, मग जो खात्रीचा मेल येतो त्याला उत्तर द्यायचं. हा दुसरा मेल बरेचदा स्पॅममध्ये पडलेला असतो आणि माणूस समजतो की आपण सदस्य झालो. सदस्य नसताना पाठवलेला मेल कोणीतरी मंजूर करेपर्यंत अडकून राहतो. लिस्टवर जोडलेल्या फायली सहसा गळून पडतात, त्यामुळे तुमच्यासारखा प्रश्न, ज्याला फाइल लागणार, तो तिथं लंगडा पडतो.

साइटवर प्रश्न टिकतो, फाइल जोडता येते, चुकलं तर दुरुस्त करता येतं, उत्तर आलं की मेल येतो. नव्या खात्याला फायली आणि दुवे जोडण्यावर सुरुवातीला मर्यादा लागू शकते. अशा वेळी प्रश्नात 'फाइल जोडता येत नाही' एवढं लिहा, कोणीतरी वाट सांगतं.

तिथल्या एका बटणापासून सांभाळा. प्रश्नाखाली 'उत्तर सुचवा' अशा अर्थाचं बटण असतं आणि टिप्पणीचं वेगळं. तुम्हाला आवृत्ती सांगायची असेल, फाइल द्यायची असेल, तर मूळ प्रश्न दुरुस्त करा किंवा टिप्पणी लिहा. 'उत्तर सुचवा' दाबून 'हो, माझी आवृत्ती ७.३ आहे' असं टाकलं की ते उत्तर म्हणून मोजलं जातं, आणि तिथले जुने लोक याच गोष्टीवर सगळ्यात जास्त वैतागतात.

---

वरोरा_लिनक्स

वरचं सगळं मान्य. पण उत्तर न यायचं खरं कारण ठिकाण नाही, प्रश्नाचं शीर्षक आहे. 'मराठी फॉन्ट प्रॉब्लेम, अर्जंट' यात समोरच्याला कामाचा एकही शब्द नाही. रायटर की कॅल्क, कुठली आवृत्ती, काय केलं, काय झालं, काहीच नाही. 'अर्जंट' हा तुमच्या बाजूचा शब्द आहे. फुकटात उत्तर देणाऱ्याला त्यानं घाई होत नाही, उलट तो पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

तुमच्यासारख्या ठिकाणी, जिथं लाइन आणि रेंज दोन्हींचा भरवसा नाही, प्रश्न असा लिहायचा की समोरच्याला उलटा प्रश्न विचारायची गरजच पडू नये. एक उलटा प्रश्न म्हणजे एक दिवस गेला, काहून की तो विचारतो तेव्हा तुमचं ऑफिस बंद आणि तुम्ही सांगता तेव्हा तो झोपलेला.

हा मसुदा घ्या. इथं मराठीत देतो, तिकडे साध्या इंग्रजीत उतरवा:

शीर्षक: रायटर ७.३, उबुंटू: परिच्छेद शैलीचा फॉन्ट बदलल्यावर इंग्रजी मजकूर बदलतो, देवनागरी बदलत नाही.

मजकूर: 'डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल' या शैलीत फॉन्ट मुक्ता, आकार १४ केला. अपेक्षा होती की सगळा मजकूर बदलेल. इंग्रजी शब्द बदलले, मराठी शब्द आधीच्या फॉन्टात १२ वर राहिले. सेफ मोडमध्येही तसंच होतं. सोबत दोन ओळींची ओडीटी (रायटरची मूळ .odt) फाइल जोडली आहे: पहिली ओळ मराठी, दुसरी इंग्रजी. फाइल उबुंटूवर तयार केली, वर्डमध्ये कधी उघडली नाही. आवृत्तीची माहिती खाली.

आता त्यातला एकेक तुकडा कुठून आणायचा ते.

आवृत्तीची माहिती: हेल्प मेनूत 'अबाउट लिबरऑफिस' उघडा. आवृत्तीच्या बाजूला नक्कल करायचं छोटं बटण आहे. ते दाबलं की आवृत्ती, बिल्ड, ऑपरेटिंग सिस्टिम, पडद्याचं रेंडरिंग, लोकेल असं सगळं एकदम क्लिपबोर्डवर येतं, तेही इंग्रजीत, तुमचा मेनू मराठीत असला तरी. ते जसंच्या तसं चिकटवा. 'लेटेस्ट आहे' असं लिहू नका. तुमच्यासाठी जे लेटेस्ट ते बरेचदा उबुंटूनं दिलेलं जुनं असतं. ७.३ ही २०२२ ची आवृत्ती आहे. २०२४ पासून तर आकड्यांची पद्धतच बदलली, २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी.

सेफ मोड: हेल्प मेनूतच 'रिस्टार्ट इन सेफ मोड'. यात तुमची सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन बाजूला ठेवून कार्यक्रम, म्हणजे लिबरऑफिस, चालतो. तिथं अडचण गेली तर दोष तुमच्या प्रोफाइलमध्ये किंवा एक्स्टेन्शनमध्ये आहे, नाही गेली तर फाइलमध्ये किंवा कार्यक्रमात. या एका वाक्यानं उत्तर देणाऱ्याचं निम्मं काम वाचतं. सेफ मोड उघडला की 'रीसेट टू फॅक्टरी सेटिंग्ज'वर एकदम जाऊ नका, टंकलेखनाच्या आपोआप दुरुस्त्या आणि तुमचे साचे उडतील.

फाइल: पीडीएफ किंवा फोटो नको, ओडीटीच द्या. ओडीटीत प्रत्येक शैलीचा पाश्चात्य फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या लिपींचा वेगळा नोंदलेला असतो, जाणकार माणूस ते उघडून पाहतो. फोटोतून त्याला फक्त तुमच्या टेबलाचा रंग समजतो. नोटिशीची पूर्ण फाइल देण्यापेक्षा नवी फाइल घ्या, तीच शैली लावा, दोन ओळी लिहा आणि दोष तिथंही दिसतो का ते पाहा. दिसला तर तीच जोडा. आणि ऐका, नव्या फाइलीत दोष दिसला नाही तर तेही उत्तरच आहे. मग तुमच्या जुन्या फाइलीत कुणीतरी हातानं फॉन्ट लावून ठेवला आहे.

भाषेचं म्हणाल तर छोटी वाक्यं लिहा. एका वाक्यात एकच गोष्ट. भाषांतराचं यंत्र वापरलं तरी हरकत नाही, पण मेनूची नावं त्याच्या हाती देऊ नका, ते 'स्टाइल'चं काय वाटेल ते करतं. मेनू इंग्रजीत दिसतात ते शब्द जसेच्या तसे लिहा. तुमचा इंटरफेस मराठी असेल तर टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेज सेटिंग्ज, लँग्वेजेस इथं जाऊन तेवढ्यापुरता इंग्रजी करून घ्या. 'रिस्पेक्टेड सर' आणि 'डू द नीडफुल' वगैरे गाळा. त्यात वाईट काही नाही, पण पहिल्या तीन ओळी तेच खातं आणि यादीत दिसणाऱ्या झलकीत प्रश्न येतच नाही.

---

गोंडपिपरी_२

एवढं कशाला? टेलिग्रामवर गट आहेत, तिथं टाका, संदेश टिकतो, लाइन आली की वाचा. फाइलही जाते.

---

मोर्शी_संत्रा

@गोंडपिपरी_२ संदेश टिकतो हे खरं, आयआरसीपेक्षा बरंच. पण गटात दोनशे संदेश वर गेले की तुमचा प्रश्न कोणी वर सरकवून वाचत नाही, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला हीच अडचण आली तर त्याला शोधून सापडत नाही. छोटं, 'हे बटण कुठे आहे?' छापाचं विचारायला टेलिग्राम ठीक. फाइल लागणारं साइटवर.

दोन्हीकडे टाकलं तर दोन्हीकडे तसं सांगा, एकाचा दुवा दुसऱ्यात द्या. न सांगता तीन ठिकाणी एकच प्रश्न टाकला आणि दोघांनी तासभर त्याच गोष्टीवर घालवला, तर पुढच्या वेळी तुमचं नाव पाहून लोक बाजूनं जातात. उत्तर नाही आलं तर दोन-तीन दिवस थांबा, मग 'अजून कोणी आहे का?' असं न लिहिता नवी माहिती घाला: हे करून पाहिलं, असं झालं. त्यानं प्रश्न वर येतो आणि वाचायला कारणही मिळतं.

---

खामगाव_टंकलेखन

विचारायचं कसं ते झालं. पण हे दोन्ही प्रश्न तिकडे नेण्याआधी इथंच सुटतील असे आहेत, आणि दुसरा तिकडे नेलात तर तिकडचे लोक गोंधळतील.

पहिला. लिबरऑफिस मजकुराचे तीन गट करतं: पाश्चात्य, आशियाई म्हणजे चिनी-जपानी वगैरे, आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल. देवनागरी तिसऱ्यात. प्रत्येक शैलीत तिन्हींचा फॉन्ट, आकार, भाषा वेगवेगळी. तुम्ही मुक्ता १४ केलं ते पाश्चात्य गटाला. कार्यक्रमानं सांगितलं तेवढंच केलं, म्हणून हा बग नाही.

टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेज सेटिंग्ज, लँग्वेजेस. तिथं 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' समोर खूण नसेल तर करा आणि भाषा मराठी निवडा. खूण नसताना शैलीच्या खिडकीत सीटीएलचा भाग दिसतच नाही, म्हणून तो बदलायचा राहून जातो. नव्या आवृत्तीत 'लँग्वेज सेटिंग्ज'चं नाव 'लँग्वेजेस अँड लोकेल्स' आणि त्यातल्या या पानाचं 'जनरल' आहे. मग रायटरमध्ये एफ११ दाबा, 'डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल'वर उजवं बटण, मॉडिफाय, फॉन्ट. आता पाश्चात्य आणि सीटीएल असे दोन भाग दिसतील, आवृत्तीप्रमाणे एकाखाली एक किंवा दोन टॅबमध्ये. सीटीएलच्या भागात मुक्ता, १४, मराठी.

भाषा मराठी करणं नुसती शुद्धलेखनासाठी नाही. ज्या फॉन्टांमध्ये सोय आहे तिथं भाषा हिंदी असली की 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, मराठी केली की मराठी वळणाचे. पुढच्या प्रत्येक नव्या नोटिशीत हेच नको असेल तर ऑप्शन्समध्ये रायटरखाली 'बेसिक फॉन्ट्स सीटीएल' हे पान आहे, तिथं एकदाच लावा.

एवढं करूनही एखादा परिच्छेद हटला नाही तर तो व्हॉट्सॲपवरून किंवा जुन्या फाइलीतून चिकटवलेला आहे आणि त्याच्यावर थेट फॉन्ट बसला आहे. थेट लावलेलं नेहमी शैलीवर मात करतं. तेवढा मजकूर निवडून कंट्रोल-एम. कुठलं थेट आणि कुठलं शैलीतून ते पाहायचं असेल तर ७.१ पासून बाजूच्या पट्टीत 'स्टाइल इन्स्पेक्टर' आहे. कर्सर त्या शब्दावर ठेवा, यादीत नावात 'कॉम्प्लेक्स' असलेल्या ओळी पाहा. मदत मागताना याच पट्टीचा स्क्रीनशॉट टाकला तर कोणी दुसरं काही विचारणार नाही. पुढच्या वेळी चिकटवताना कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-व्ही.

दुसरा. ज्यांची खिचडी झाली ती नावं कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टात टंकलेली आहेत. त्या फॉन्टांत आत साठलेलं अक्षर इंग्रजी असतं, फक्त त्याचं चित्र देवनागरीचं काढलेलं असतं. कॅल्कमध्ये त्या चौकटींना कृतिदेव लावलेला आहे म्हणून तिथं नीट दिसतं. मेल मर्जमध्ये क्षेत्रात येतं ते फक्त अक्षर, फॉन्ट नोटिशीचा. नोटिशीच्या फॉन्टात इंग्रजी अक्षर इंग्रजीच दिसणार. तपासायला सोपं: त्या एका नावाच्या चौकटीचा फॉन्ट बदलून नोटो सॅन्स करा. खिचडी झाली की समजा कृतिदेव.

नोटिशीच्या क्षेत्राला कृतिदेव लावून पळवाट काढू नका. मग ती निम्मी सुधारतील, तिथल्या युनिकोड, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत साठलेल्या, नावांना तर तो फॉन्ट लागणारच नाही, आणि पुढच्या वर्षी कोणाच्या तरी नव्या कॉम्प्युटरवर कृतिदेव नसेल. यादीच युनिकोडमध्ये आणा:

यादीची एक प्रत काढा, मूळ यादीला हात लावू नका. नावाच्या रकान्यावर क्रमानं लावणी करा. इंग्रजी संकेतांची नावं एका टोकाला आणि खरी देवनागरी दुसऱ्या टोकाला गोळा होतील, वेगळं शोधत बसायची गरज नाही. नावाशेजारी नवा रकाना घ्या. फक्त जुनी नावं परिवर्तकातून (जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) काढून त्यात टाका, युनिकोड नावं तशीच उतरवा. आधीच युनिकोड असलेली नावं परिवर्तकात घालू नका, तो जे बदलायला नको तेही बदलू शकतो.

मग वाचून पाहा, आणि तीन जागी डोळा ठेवा. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात आणि युनिकोडमध्ये नंतर साठते, त्यामुळे जोडाक्षर आलं की घोटाळा: अश्विनीचं 'अशि्वनी' होतं. रफार त्यात मात्रेनंतर येतो, म्हणून कीर्तीचं 'कीतीर्'. आणि 'ऱ्ह', 'ऱ्य' मधला तुटक र. पहिले दोन शोधून-बदलून एकदम दुरुस्त होतात, तिसरा हातानंच.

शेवटी नोटिशीतलं जुनं नावाचं क्षेत्र काढून नव्या रकान्याचं क्षेत्र टाका, डेटा सोर्सेसची खिडकी कंट्रोल-शिफ्ट-एफ४ नं उघडते. यादीची फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असेल तर जोडणी तुटलेली असेल, नव्यानं जोडा. पहिले पाच सभासद तेवढे छापून पाहा, मग ४३०.

---

कपाशी_केळापूर

सीटीएलची खूणच नव्हती. केली, शैलीत भरलं, नोटीस एकदम सुधारली. दोन परिच्छेद हटत नव्हते, कंट्रोल-एम नं हटले.

यादीत २०४ नावं कृतिदेवची निघाली. परिवर्तन चालू आहे.

आता नवंच एक. नोटीस बँकेच्या शाखेला डॉक्समध्ये, म्हणजे वर्डच्या .docx फाइलीत, द्यावी लागते. तशी जतन करून परत रायटरमध्येच उघडली तर तक्त्यातल्या एका रकान्यात मराठी मजकुराचा आकार बदललेला दिसतो. तिन्ही कॉम्प्युटरवर. सेफ मोडमध्येही. आता बग म्हणून नोंदवू का?

---

वरोरा_लिनक्स

आता नोंदवण्यासारखं होऊ शकतं, पण थेट नाही.

आधी नव्या आवृत्तीवर पाहा. ७.३ च्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पानं केव्हाच थांबवल्या. तिच्यावर नोंदवलं तर पहिलं वाक्य येईल 'नव्यावर तपासा'. उबुंटूतलं काढून टाकायची गरज नाही. लिबरऑफिसच्या साइटवर ॲपइमेज मिळतं, एकच फाइल, उतरवा, तिच्या गुणधर्मांत चालवायची परवानगी द्या, दोनदा क्लिक. उबुंटू २२.०४ वर ती उघडली नाही तर आधी libfuse2 हे पॅकेज बसवावं लागू शकतं. ॲपइमेज स्वतः बसवावं लागत नाही, जुनं जागेवर राहतं. बेसिक, स्टँडर्ड आणि फुल असे प्रकार असतात, तपासायला बेसिक पुरे, त्यात मेनू फक्त इंग्रजी. फाइल काहीशे एमबीची आहे, तेव्हा हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा पाहून रात्री लावा, आणि मधे तुटलं तर पुढून सुरू करणारं डाउनलोडचं साधन वापरा.

नव्यातही तसंच झालं, तर तो तक्ता सोडून फाइलीतलं सगळं काढत जा. एक ओळ, एक रकाना, एक शब्द उरेपर्यंत. ज्या पायरीला दोष गायब होतो त्याच्या आधीची फाइल ठेवा. दोन फायली लागतील: मूळ ओडीटी आणि तिच्यातून निघालेली डॉक्स.

मग बगझिलावर आधी शोधा, इंग्रजी शब्दांनी: डॉक्स, सीटीएल, फॉन्ट साइज, टेबल. तोच दोष आधी नोंदवलेला सापडला तर नवी नोंद नको, तिथंच 'मलाही' एवढंच न लिहिता आपली आवृत्ती आणि आपली छोटी फाइल द्या. नाही सापडला तर नवी नोंद, एका नोंदीत एकच दोष. पायऱ्या आकडे घालून: १, जोडलेली ओडीटी उघडा. २, डॉक्स म्हणून जतन करा. ३, बंद करून परत उघडा. काय झालं: दुसऱ्या रकान्यात मराठी १० वर आलं. काय हवं होतं: १४. दोन्ही आकडे लिहा, 'लहान झालं' लिहू नका, काहून की समोरचा माणूस मराठी वाचत नाही. त्याला 'लहान' दिसणार नाही, आकडा दिसेल. कुठल्या शब्दाकडे पाहायचं तो शब्द लाल करून द्या.

नोंद सुरुवातीला 'अनकन्फर्म्ड' असते. दुसऱ्या कोणी तुमच्या पायऱ्या करून तसंच घडवलं की 'न्यू' होते. ती अवस्था स्वतः बदलू नका. 'नीडइन्फो' आलं तर चेंडू तुमच्याकडे आहे. विचारलेलं दिलं की अवस्था परत 'अनकन्फर्म्ड' करायची, हा एक बदल मात्र तुम्हीच करायचा असतो. महिनोन्महिने उत्तर दिलं नाही तर नोंद आपोआप बंद करतात. लाइन नव्हती हे त्यांना कसं कळणार?

---

मोर्शी_संत्रा

खासगी माहितीचं पाहा. बगझिलावर जोडलेली फाइल सगळ्या जगाला दिसते आणि ती परत काढून घेणं तुमच्या हातात नसतं. बँक खाती, आधार, मोबाईल नंबर असलेली यादी कुठेही जोडायची नाही, 'पासवर्ड लावून' सुद्धा नाही.

नावं झाकायला लोक सगळी अक्षरं 'क्ष' नं बदलतात. इंग्रजी फाइलीला ते चालतं. मराठी अक्षरजुळणीचा किंवा रफाराचा दोष असेल तर अक्षर बदललं की दोषच निघून जातो, मग तिकडे काहीच दिसत नाही. त्याऐवजी तेच जोडाक्षर असलेला साधा शब्द ठेवा: सभासदाच्या नावाऐवजी 'कार्यालय', 'वऱ्हाड'. ऑप्शन्समध्ये सिक्युरिटीखाली 'जतन करताना वैयक्तिक माहिती काढा' अशी खूण आहे, ती लावून फाइल एकदा जतन करा, नाहीतर लिहिणाऱ्याचं नाव गुणधर्मांत राहतं. टिप्पण्या आणि बदलांची नोंद चालू असेल तर तीही काढा, खोडलेली नावं त्यातच लपून बसतात. आणि मेलिंग लिस्ट असो की बगझिला, खात्याला कंपनीचा मुख्य मेल देऊ नका, वेगळा काढा.

---

खामगाव_टंकलेखन

डॉक्सचं नोंदवण्याआधी एक पाहा. त्या रकान्याला तक्त्याची वेगळी शैली लागली आहे का, 'टेबल कंटेंट्स' किंवा 'टेबल हेडिंग'? त्या रकान्यात कर्सर ठेवला की एफ११ च्या पट्टीत दिसेल. तिच्यात सीटीएलचा आकार वेगळा भरलेला असेल तर तो तुमचाच आहे, कार्यक्रमाचा नाही. मूळ शैली बदलली म्हणून पोटशैली बदलतेच असं नाही, तिच्यात स्वतःचा आकडा असला की ती तोच धरते. ते जुळवून परत जतन करा. तरीही बदललं तर खुशाल नोंदवा.

---

कपाशी_केळापूर

'टेबल हेडिंग'मध्ये सीटीएल १० होतं. १४ केलं, पण डॉक्समधून परत उघडल्यावर एका ओळीत अजून १० येतं, बाकी नीट. ॲपइमेज आज रात्री उतरवायला लावतो. त्यातही तसंच आलं तर एक रकाना, एक शब्द एवढी फाइल करून नोंदवतो आणि त्याचा दुवा इथं टाकतो.

साइटवरचा आधीचा प्रश्न दुरुस्त केला. शीर्षक बदललं, आवृत्ती चिकटवली, फोटो काढून दोन ओळींची ओडीटी जोडली, आणि सीटीएलचं उत्तर खाली टिप्पणीत लिहिलं. 'उत्तर सुचवा' दाबलं नाही.

---

वरोरा_लिनक्स

ते उत्तरच आहे ना राजेहो! तिथं मात्र 'उत्तर सुचवा'च दाबायचं. टिप्पणी काढा, उत्तर म्हणून टाका आणि त्याला सुटल्याची खूण करा. नाहीतर प्रश्न उघडा दिसत राहील आणि कोणीतरी परत आवृत्ती विचारेल.

---

कपाशी_केळापूर

केलं. यादीत 'ऱ्ह' आणि 'ऱ्य'ची सतरा नावं राहिली, ती हातानं चालली आहेत.